किल्ल्याकडचा गोल

"बुटातल्या पायाले बॉलचं काय समजते बे?" नानाजीनं हातातली कुंची हवेतच थांबवली. "बॉल काय गिट्टी हाये, हानली की गेली? त्याले चवडा लागते. उघडा चवडा."

"कुंची चालव आंधी," ताण्याच्या पलीकडून जागेश्वर म्हणाला. "मागच्या मॅचले पाहिले ना तुहे उघडे चवडे. चिखलात असे घसरून राहिले होते, का जसं कोनी अंगनात साबन सांडवलं."

"तरी जिकलो."

"नशिबानं जिकले."

"नशीब तं नशीब. तुह्या रेल्वेच्या टीमनं नशीब ठेवलं नाई का पेटीत?"

सन पस्तीसचा भादवा. आठ दिवस पाऊस कोसळत होता आणि टिमकी या कोष्ट्यांच्या वस्तीतल्या त्या गल्लीतले सगळे माग रिकामे पडले होते. आज रविवारी पहाटे आभाळ उघडलं, तसा रुपरावानं ताणा बाहेर काढला. ताणा म्हणजे लुगड्याची उभी सुतं. गल्लीच्या या तोंडापासून त्या तोंडापर्यंत, बांबूच्या दोन घोड्यांवर ती ताणायची, भाताच्या खळीनं ओली करायची, आणि मग दोन बाजूंनी दोघांनी लांब कुंची, म्हणजे मुळ्यांचा दाट कुंचा, सुतावरून फिरवत चालायचं. जायचं, यायचं, जायचं, यायचं. सूत पुरतं वाळेपर्यंत थांबायचं नाही. थांबलं की तार ताराला चिकटली, आणि महिन्याचं विणकाम गेलं. याला पाजणी म्हणतात. ती एकट्या घराची होत नाही. शेजारच्यानं यावंच लागतं, मग त्याच्याशी बोलणं असो की नसो. म्हणून कोष्ट्यांची भांडणं पाजणीवर होतात, सोयरिकी पाजणीवर जुळतात, आणि पावसाळ्याचे चार महिने फुटबॉलही पाजणीवरच होतो.

आज तर विचारूच नका. आज दुपारी साडेचारला फायनल होती. टिमकी आणि रेल्वे.

नानाजी टिमकीचा. टिमकीचा म्हणजे असा, की टीम हरली तर दोन दिवस जेवणार नाही आणि बायकोलाही जेवू देणार नाही. जागेश्वरही टिमकीतच जन्मला, पण माग विकून तो रेल्वेच्या यार्डात कोळसा उतरवायला लागला होता. ज्याची भाकर खातो त्याची टीम, असा त्याचा सरळ हिशेब. गल्ली त्याला गद्दार म्हणायची आणि पाजणीला मात्र हाक मारायची, कारण त्याचा हात हलका होता.

"यंदा सात मॅचा झाल्या," जागेश्वर म्हणाला. "सात मॅचात रेल्वेवर गोल किती? तीन. तुमच्यावर किती? नऊ. हे फार्म हाये बाप्पा, फार्म. नुसतं बोंबलून नाई होत."

"नऊ नाई, सात."

"नऊ."

"गोदूबाई," नानाजी दाराकडं वळून म्हणाला, "सांग वं याले."

दारात, उंबऱ्याच्या आतल्या अंगाला, रुपरावाची बहीण गोदूबाई रहाटावर कांड्या भरत बसली होती. तेहतीस वर्षांची बाई. एकोणिसाव्या वर्षी नवरा पटकीनं गेला, तेव्हापासून भावाच्या घरी. एका हातानं रहाट फिरवायचा, दुसऱ्या हाताच्या बोटांतून सूत सोडायचं. मान वर न करता ती म्हणाली, "आठ. कामठीवाल्याइनं दोन मारले, मिलवाल्याइनं तीन, पोलिसाइनं एक, अन् पयल्या मॅचले दोन. त्यातला एक आपल्याच बॅकनं मारला."

गोदूबाईनं सांगितलं की संपलं. दहा-अकरा वर्षांतला कोणताही सामना विचारा. कोण जिंकलं, कितीनं, गोल कुणी मारला, कोणत्या पायानं, कोण लंगडत बाहेर गेला, सगळं ती सांगायची. महाल भागातल्या वकिलाकडं कायद्याची पुस्तकं असतील तशी टिमकीकडं गोदूबाई होती.

आणि या बाईनं आयुष्यात एकही सामना पाहिलेला नव्हता.

कोण नेणार? मैदान किल्ल्याजवळ, तासाभराची पायपीट. तिथं सावलीत साहेबांच्या खुर्च्या, त्यांच्या मडमांच्या खुर्च्या, रावबहादुरांच्या खुर्च्या. मडमा पाहायच्या, त्यांना कुणी काही म्हणत नव्हतं. दोरीबाहेर उन्हात ती माणसं, ज्यांची पोरं अनवाणी खेळत होती. त्या माणसांच्या बायका घरी. असा काही कुणी कायदा केला नव्हता. तिनं नेण्याबद्दल विचारलं असतं तर रुपराव रागावलाही नसता. तो हसला असता, आणि संध्याकाळपर्यंत साऱ्या गल्लीला सांगून हसवलं असतं. या गल्लीचं हसणं काय असतं ते गोदूबाईला पक्कं ठाऊक होतं. एकदा तिनंच ते सुरू करून दिलं होतं.

"बरं, आठ तं आठ," नानाजी पुन्हा चालू लागला. "पन आज ऊन पडलं. ऊन पडलं का टिमकी. त्याइचे बूट सुकल्या जमिनीवर नुसते टापा वाजवतीन. अन् फार्म फार्म काय लावलं तू? तीन गोल खाल्ले ते पोराइच्या टीमाइसंगं. आज आमचा लेफ्टवाला मारन तं तुमच्या त्या गोलकीले, रहाटाले, दिसन तरी का? चाळिशीले आला तो. गुडघ्याले चिंधी बांधून उभा राहते."

गोदूबाईच्या बोटातलं सूत तुटलं.

तिनं ते उचललं, थुंकी लावून पिळलं, जोडलं. कुणी पाहिलं नाही. गल्लीला वाटायचं, बाईला फुटबॉलचं वेड आहे. वेड नव्हतं. दहा वर्षं ती पाजणीवरचा प्रत्येक शब्द ऐकत होती, कारण शंभर शब्दांत एकदा त्या माणसाचं नाव येत असे. नाव म्हणजे तेही नाव नाहीच. रहाट. त्याचं खरं नाव भैयाजी.

भैयाजी याच गल्लीतला, चौथ्या घरातला. टिमकीचा गोलकी. उंच, हाडकुळा, हात गुडघ्यापर्यंत. त्याच्या मागाची फणी वाजायची ती गोदूला बाकीच्या मागांतून ओळखू यायची. त्याची बायको बाळंतपणात गेली होती, हिचा नवरा पटकीनं. कोष्ट्यांत विधवेचा पाट लागतो, त्यात लाजायचं काही नाही. रुपरावानंच बोलणं काढलं. दिवाळीनंतर पाट लावायचा ठरलं. भैयाजी पाजणीला आला की तिच्याकडं पाहायचा नाही; पण दाराजवळून जाताना त्याची कुंची हळू व्हायची.

त्या वर्षी टिमकी पहिल्यांदा फायनलला गेली आणि एका गोलानं हरली. डाव्या खांबाजवळून खालून बॉल आत गेला. दुसऱ्या दिवशी पाजणीवर साऱ्या गल्लीनं तो गोल पुन्हा पुन्हा खाल्ला. नानाजीनं बांबूच्या घोडीचे दोन्ही पाय धरून दाखवलं: हा एक खांब, हा दुसरा खांब, अन् बॉल गेला असा. नेहमी असंच दाखवायचे. घोडीचे दोन पाय म्हणजे गोल. बोलणाऱ्यांनी मैदानावरचा गोल पाहिलेला होता, म्हणून त्यांना घोडी चालायची. गोदूनं पाहिला नव्हता. तिच्यासाठी गोल म्हणजे घोडीएवढाच, लुगड्याच्या पन्ह्याएवढा. दोन-अडीच हात. तेवढ्या जागेत उभा राहून हा एवढा उंच माणूस एक बॉल अडवू शकत नाही?

भैयाजी खाली मान घालून कुंची मारत होता. आणि गोदूला, का कोण जाणे, त्याचा राग आला. आपल्या माणसाला सारे बोलतात आणि तो ऐकून घेतो, याचा राग. ती दारातून म्हणाली, "एवढ्याशा जागेतून बॉल गेला? तिथं माहा रहाट उभा करून ठेवला असता, तरी अडला असता."

गल्ली अशी हसली की नानाजी खाली बसला. पलीकडच्या गल्लीतली माणसं विचारायला आली, काय झालं. दुपारपर्यंत त्याचं नाव रहाट झालं. पोरं मागं लागायची, रहाट, रहाट, फिरव रे हात. महिनाभर त्यानं काढला. मग एक दिवस माग उपटून, खड्डा तसाच उघडा टाकून, तो रेल्वेत फिटरच्या हाताखाली गेला. त्यांना गोलकी पाहिजे होता. पाटाचं बोलणं कुणी मोडलं नाही. पुन्हा काढलंच नाही कुणी. नंतर कळलं, त्यानं उमरेडकडची बायको केली. रेल्वेच्या चाळीत खोली मिळाली. टिमकीपासून ती चाळ दीड कोसावर. दीड कोस म्हणजे काय असतं? पण दहा वर्षांत त्याचं तोंड तिला दिसलं नव्हतं.

आणि काल जागेश्वर बोलून गेला होता: यंदाची फायनल झाली की भैयाजी सोडणार. गुडघा गेला. साहेबानं सांगितलं, आता पोरगा उभा करू.

म्हणजे आज, नाहीतर कधीच नाही. तिनं रात्रीच ठरवलं होतं. शेजारची यमुताई प्रत्येक सामन्याला उकडलेल्या शेंगांची टोपली घेऊन जायची. शेंगा विकणाऱ्या बाईला कुणी विचारत नाही, तू इथं कशाला. गोदूनं तिला म्हटलं होतं, दुसरी टोपली मी धरते. यमुताईनं एकदा तिच्याकडं पाहिलं आणि दोन वाजता निघायचं सांगितलं. म्हातारीला बरंच ठाऊक असावं.

"चाळिशीले आला तं आला," जागेश्वर ताण्यावरून वाकून नानाजीच्या तोंडाशी गेला. "हात पाहा त्याचे. मिलच्या मॅचले त्यानं असा बॉल काढला, का साहेब खुर्चीतून उठला. तुमच्याकडं हाये असा गोलकी? होता. तुमीच हाकलला."

"आमी हाकलला? पयलवान स्वतः पळाला."

"हसू हसू हाकलला. मी बी हसलो होतो, मले मालूम नाई का?"

"अबे जाय. पळपुट्याचा वकील." नानाजीच्या कपाळाची शीर उठली. त्यानं खळीचं मडकं उचललं आणि, मन कुठं, हात कुठं, ताण्याच्या ज्या टोकाला आधीच खळ दिली होती तिथंच पुन्हा दिली. सगळं मडकं.

रुपराव घरातून धावत आला तोवर सूत पांढरं फटक झालं होतं. वरून खळ ठिबकत होती.

"काय केलं गा, नानाजी," रुपराव म्हणाला. आवाज चढला नाही त्याचा. चढण्याइतका जीवच राहिला नाही. "दोनदा पाजलं तुमी. आता हे कवा सुकन?"

"ऊन हाये ना," नानाजी म्हणाला. "सुकन."

ऊन होतं, पण भादव्याचं. ढग यायचा, जायचा. बारा वाजले, एक वाजला. आलटून पालटून सगळे कुंची मारत राहिले. अर्धा ताणा वाळला. ते टोक ओलंच. दोन वाजता डोक्यावर टोपली घेऊन यमुताई आली. दाराशी थांबली.

"चालतं ना वं?"

"तू चाल," गोदू म्हणाली. "मी मागून येते."

यमुताईनं ताण्याकडं पाहिलं, पुरुषांकडं पाहिलं. "किल्ल्याकडच्या गोलाच्या मागं बसते मी," म्हणाली. "तिकडं दोरी नाई राहत. लक्षात ठेव, किल्ल्याकडचा."

तीनला पुरुषांचे पाय वळवळू लागले. नानाजी म्हणाला, आता जागा नाही मिळणार. जागेश्वर म्हणाला, हो. सकाळपासून पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं. रुपराव ताण्याकडं पाहत उभा होता. मग त्यानं बहिणीकडं पाहिलं आणि अगदी सहज, जसं पाण्याचा लोटा मागावा, तसं म्हणाला, "गोदे, तू हायेस ना. मार कुंची, आमी येतो पाहून. आल्यावर सारं सांगतो तुले."

सारं सांगतो तुले. दहा वर्षं सारं तिला सांगितलंच जात होतं.

तिनं कुंची घेतली. गल्ली ओस पडली. रुपरावाची बायको आत, आठवा महिना, तिला वाकवत नव्हतं. दोन माणसांची कुंची एकटीनं मारायची म्हणजे या बाजूनं जायचं, घोडीला वळसा घालायचा, त्या बाजूनं यायचं. गोदू चालत राहिली. हात खांद्यातून उतरतो की काय असं झालं. एका बाजूनं वाळवावं तर दुसरी ओली. तिनं तारांना बोट लावून पाहिलं, लावून पाहिलं. शेवटी शेवटी तिनं पळतच कुंची मारली. बाई पळताना कुणी पाहिली असती तर म्हणाला असता, हिला लागीर झालं.

ऊन कौलांवरून खाली सरकलं. चार वाजून गेले असणार. सारा ताणा वाळला होता. फक्त घोडीजवळचा हातभर भाग ओला राहिला होता. हातभर. अजून घटकाभर कुंची मारली तर तोही वाळला असता. सोडला तर चिकटणार, हे कोष्ट्याच्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल. मग एकेक तार नखानं सोडवायची, दिवसच्या दिवस, आणि ज्या तुटतील त्या जोडायच्या. ओली पाजणी सोडून गेलेली बाई साऱ्या टिमकीत कुणी ऐकली नव्हती.

गोदूबाईनं कुंची घोडीला टेकवून ठेवली. पदर खोचला आणि निघाली.

ती रस्ता विचारत गेली नाही. पाजणीवरच्या बोलण्यातून रस्ता तिला पाठ होता. गांधीबागेजवळून वळायचं, रेल्वेच्या पुलावर चढायचं, किल्ला डोळ्यांसमोर ठेवायचा. पुलावर असताना मैदानावरून एक आवाज उठला आणि मध्येच मोडला. तिला समजलं, कुणाचा तरी बॉल खांबाच्या बाहेरून गेला. तिनं पाऊल आणखी उचललं.

पोचली तेव्हा अर्धा खेळ झाला होता आणि दोन्हीकडची पोरं लिंबू चोखत उभी होती. माणसांच्या पाठीच पाठी. त्या पाठींना वळसा घालून ती किल्ल्याच्या बाजूला गेली. यमुताई दिसली. तिच्याशेजारी भुट्टेवाल्या दोन बाया, एक सोड्याच्या बाटल्यांचा गाडा. त्यांच्यापुढं दोन लाकडी खांब आणि वर आडवा खांब.

गोदू खांबांकडं पाहत राहिली.

"यमुताई, हे काय हाये?"

"काय म्हंजे? गोल."

"हा सारा?"

"मंग अर्धा राहते का?" यमुताईनं टोपली तिच्यापुढं सरकवली. "बस. शून्य-शून्य हाये. आता तुहा तो इकडं येईन. बाजू बदलते अर्ध्या खेळानंतर."

गोदू बसली नाही. तिनं नजरेनंच माप घेतलं; सूत मापणाऱ्या बाईचं माप चुकत नाही. एक हात, दोन हात, पाच, दहा. सोळा हात. उंची दोन माणसांची नाही, पण दीड माणसाच्या वर. त्यांच्या घराची पुढची भिंत एवढी नव्हती. या भिंतीएवढ्या भोकात एक माणूस उभा करतात आणि त्याला म्हणतात, अडव. डाव्या खांबाजवळून गेला, म्हणाले होते. उजव्या बाजूला उभा असलेला माणूस डाव्या खांबापर्यंत पोचायला केवढा उडावा लागेल, हे तिला आज दिसलं. घोडीएवढं. एवढ्याशा जागेतून.

मग तो आला.

डोक्याचा मध्य उघडा पडलेला. गुडघ्याला खरंच चिंधी. चालताना तो पाय जरा उशिरा उचलला जात होता. बाकी हात तेच. त्यानं खांबाला एक चापट मारली, दुसऱ्या खांबापर्यंत चालत गेला, त्यालाही मारली, आणि मधोमध येऊन पाठमोरा उभा राहिला. त्या सोळा हातांत तो किती लहान दिसत होता.

खेळ सुरू झाला. गोदूबाईला खेळ समजत होता आणि दिसत नव्हता. नावं सारी ठाऊक, चेहरे एकही नाही. टिमकीचा लेफ्टवाला तिनं ताडमाड समजला होता; लोक ओरडले तेव्हा कळलं, तो बुटका, गोरटा पोरगा आहे. पण तिचं लक्ष एकाच जागी होतं. टिमकीची पोरं आली की भैयाजी वाकायचा, दोन पावलं पुढं यायचा, हातांनी आपल्या बॅकांना इकडं तिकडं ढकलल्यासारखं करायचा. दोनदा त्यानं बॉल छातीशी धरला. एकदा उडून बोटांनी खांबाबाहेर काढला आणि पडला तो गुडघ्यावरच. उठायला त्याला वेळ लागला. दोरीपलीकडून, टिमकीच्या गर्दीतून, आवाज आला: "रहाट मोडला रे." हशा झाला. तो हसण्याचा आवाज तिच्या ओळखीचा होता. त्यात नानाजी होता. कदाचित रुपरावही.

दिवस कलताना तो बुटका पोरगा डावीकडून सुटला. रेल्वेचा बॅक बुटांसकट घसरला. कोरड्या जमिनीवर, नानाजीच्या म्हणण्याप्रमाणेच. पोरानं अनवाणी चवड्यानं बॉल कापला. भैयाजी उजवीकडं होता. तो उडाला. साऱ्या अंगानं, आडवा. बॉल त्याच्या बोटांच्या आणि खांबाच्या मधून गेला.

जाळी नव्हती. बॉल उसळत आला आणि शेंगांच्या टोपलीला लागून गोदूबाईच्या पायाशी थांबला.

मैदानावर टोप्या उडत होत्या. टिमकीनं रेल्वेवर गोल मारला होता. गोदूनं वाकून बॉल उचलला. जड होता, ओलसर, चामड्याचा वास मारणारा. दहा वर्षं जिच्या तोंडी बॉल, बॉल, त्या बाईनं पहिल्यांदा तो हातात धरला होता.

"दे वं बाई, लवकर दे," म्हणत भैयाजी लंगडत आला. तोंडावर माती. हात पुढं केला आणि थांबला.

"गोदू?"

या घडीसाठी तिच्याजवळ बोलणं तयार होतं. रहाट फिरवता फिरवता तिनं ते इतक्यांदा केलं होतं, की त्याच्या कडा झिजल्या होत्या. आलं ते दुसरंच.

"लय रुंद हाये गा हे," ती म्हणाली.

"काय?"

"हे." तिनं खांबांकडं हनुवटी केली. "मले वाटे, आपल्या पाजनीच्या घोडीएवढं राहते. ते तसंच दाखवत ना. मले कोनी सांगतलंच नाई."

त्यानं मागं वळून खांबांकडं पाहिलं. मग तिच्याकडं. त्याच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला, आणि आलं तेव्हा त्याचा चेहरा काही फार बदलला नाही. मधल्या काळात त्यावर बरंच काही होऊन गेलं होतं.

"तुले कोन सांगन?" तो म्हणाला. "तू कधी आलीच नाईस."

"आज आली."

पंचाची शिट्टी वाजली. पलीकडून ओरडत होते, रहाट, बॉल आण, रहाट. त्यानं तिच्या हातातून बॉल घेतला. दोन पावलं गेला आणि तिच्याकडं न पाहताच थांबला.

"तो बी असाच होता," म्हणाला. "तवाचा. डाव्या खांबाजवळचा. माहा हात लागला होता त्याले. नख लागलं होतं."

"तवा बोलला काहून नाईस?"

"कोन ऐकत होतं वं?"

बॉल त्यानं जोरात मध्यावर मारला आणि आपल्या जागी गेला. खांबाला पहिल्यासारखीच चापट दिली. उभा राहिला.

"तुही टीम जिकून राहिली," यमुताई खालून म्हणाली. "हास ना जराशी."

गोदूबाई उभीच होती. गर्दीतून रुपरावानं तिला पाहिलं असेल, नसेल. आज घरी काय होणार, उद्या गल्लीत काय होणार, तो चिकटलेला हातभर ताणा सोडवायला किती दिवस बसावं लागणार, हे सगळं तिला माहीत होतं. ते नंतर. आत्ता थोडाच वेळ उरला होता आणि ती पाहत होती.

त्यानं पुन्हा वळून पाहिलं नाही. सामना संपेपर्यंत तिला त्याची पाठच दिसली. रेल्वेचा निळा सदरा, गिरणीचं जाड कापड, घामानं चिकटलेला. उजव्या खांद्याखाली, उडून उडून जिथं फाटतं तिथं, तो कधीतरी चारेक बोटं फाटला होता आणि कुणीतरी तो रफू करून भरला होता. ऊन तिरपं पडलं तेव्हा तिला नीट दिसलं. त्याच कापडातून सूत काढून भरला होता. उभ्या तारेला उभी, आडव्या तारेला आडवी, एकही तार ओढलेली नाही, कुठं चुणी नाही. हे घाईत होत नाही. मांडीवर घेऊन, उजेडाकडं तोंड करून, सकाळभर बसावं लागतं.

हात चांगला होता त्या उमरेडकडच्या बाईचा.